एकोणचाळीस की त्रेचाळीस?

जुनी जीप दाखवायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन पुसून लख्ख केलेलं असतं, कार्ब्युरेटर कुठून मिळवला याची हकीकत तयार असते. मी ती ऐकतो, पण माझी नजर मागच्या चाकाच्या मध्यावर असते. तिथे गोल चकतीवर सहा बोल्टांचं कडं आहे, की मधोमध एकच मोठं खाचांचं नट आणि त्यातून आरपार घातलेली कॉटर पिन? तेवढ्यावर त्या गाडीचा निम्मा इतिहास कळतो. इंजिनं बदलली जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांचे नंबर तपासले जातात. मागचा ॲक्सल बदललेला असू शकतो, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

मी बोलतोय ते युद्धातल्या जीपबद्दल. १९४१ ते १९४५ या काळात विलीस कंपनीची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ अशा मिळून सहा लाखांवर जीप तयार झाल्या. दोन्ही एकाच आराखड्याच्या, एकीचा भाग दुसरीला बसेल अशा. आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी त्यातल्या कितीतरी आपल्याकडे उतरल्या आणि युद्ध संपल्यावर लिलावांतून खाजगी माणसांच्या हाती गेल्या. १९४९च्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून मुलकी जीप बांधायला सुरुवात केली. पुढे ‘सीजे-३बी’ ही उंच बॉनेटची जीप इथे इतकी रुजली, की जंगल खात्यापासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे तीच दिसायची. आमच्या कोल्हापूर-सातारा भागात तर वडापच्या, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीच्या, धंद्याने तिला गावोगाव पोहोचवलं.

लष्करी जीपचा मूळचा ॲक्सल गेला कुठे, याचं उत्तर यातच आहे. युद्धातल्या जीपचं मागचं हब फुटलं किंवा बेअरिंग गेलं की तो भाग मिळवायला मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात शोधत फिरावं लागायचं. महिंद्रचा अख्खा ॲक्सल मात्र तालुक्याच्या गॅरेजात उभ्या उभ्या मिळायचा. गाडी रोज धावली नाही तर चूल पेटायची नाही, अशा घरातल्या माणसाने दुसरं काय करायचं? गॅरेजातल्या मिस्त्रींनी महिंद्रचा ॲक्सल घातला आणि गाडी चालती ठेवली. त्यांनी ‘ओरिजिनल’ बिघडवलं असं कुणी माझ्यासमोर म्हटलं, तर मला ते सहन होत नाही. त्यांनी तसं केलं नसतं, तर आज हौसेने परत उभी करायला ती जीप राहिलीच नसती.

तरीही तो ॲक्सल आज बदलावासा वाटतो, आणि त्याला दिखाव्यापलीकडची कारणं आहेत.

पहिलं कारण त्या सहा बोल्टांत आहे. युद्धातल्या जीपचा मागचा ॲक्सल ‘फुल फ्लोटिंग’ जातीचा. स्पायसरच्या यादीत त्याचा क्रमांक २३-२. यात चाकाचं हब दोन टेपर बेअरिंगांवर ॲक्सलच्या नळीवरच फिरतं. गाडीचं वजन नळी पेलते, आतला शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. बैलगाडीचं चाक जसं न फिरणाऱ्या आसावर फिरतं, तसंच हे. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सहा बोल्ट सोडून शाफ्ट ओढून काढा, फोर व्हीलचा दांडा ओढा आणि पुढच्या चाकांच्या जोरावर घरी या. सैन्याला असाच ॲक्सल हवा होता.

नंतरच्या मुलकी जीपमध्ये ‘सेमी फ्लोटिंग’ ॲक्सल आला, आधी ४१ आणि मग ४४ क्रमांकाचा. त्यात शाफ्टच वजनही पेलतो आणि फिरवतोही. शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावीने बसवलेलं आणि मोठ्या नटाने आवळलेलं. तो ॲक्सल चांगलाच दणकट आहे, त्याच्या पुढच्या पिढ्या जगभर धावल्या आणि आजही धावतात. पण त्याची एक अट आहे. ते नट किमान दीडशे फूट-पौंड ताकदीने आवळलेलं असलं पाहिजे. हाताच्या अंदाजाने आवळलं तर हब चावीवर हलायला लागतं, चावी कातरली जाते, निमुळता भाग खाल्ला जातो. आणि शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर हबसकट चाक गाडी सोडून जातं.

हँडब्रेकचाही इथे संबंध येतो. युद्धातल्या जीपला चाकांवर हँडब्रेक नाही. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर जिथे सुरू होतो तिथे, एक छोटा ड्रम आणि त्यावर बाहेरून आवळणारा पट्टा. म्हणजे हँडब्रेक चाकापर्यंत पोहोचतो तो प्रोपेलर, ॲक्सलमधलं लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन, मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन, आणि शाफ्ट या साखळीतूनच. मागचा शाफ्ट तुटला की हँडब्रेक गेला. याच कारणाने मागचं एक चाक जॅकवर उचललं की ओढलेला हँडब्रेकही कामाचा राहत नाही. डिफरन्शियल उचललेलं चाक उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक घरंगळतं. नव्या पोराला मी गाडीखाली घेतो तेव्हा पाना देण्याआधी पुढच्या चाकांना दगड लावायला शिकवतो.

दुसरं कारण पटीचं, म्हणजे रेशोचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. युद्धातल्या जीपचे पुढचा आणि मागचा दोन्ही ॲक्सल ४.८८ पटीचे. पिनियनला ८ दात, क्राऊनला ३९. मुलकी जीपला मात्र सुरुवातीपासून ५.३८ची पट दिली, कारण ती शेतात नांगर ओढेल अशी कल्पना होती. पिनियनचे दात तेच ८, क्राऊनचे ४३. आता पुढे लष्करी ॲक्सल आणि मागे महिंद्रचा ५.३८चा, अशी जोडी झाली तर दोहोंत दहा टक्क्यांचा फरक पडतो. टू व्हीलवर चालवताना काहीच जाणवत नाही. फोर व्हीलचा दांडा ओढला की पुढची चाकं एका वेगाने फिरू बघतात आणि मागची दुसऱ्या. ट्रान्सफर केस दोघांना एकत्र बांधते, त्यामुळे ताण साठत जातो. टायर घासतात, दांडा अडकतो, प्रोपेलरचा क्रॉस तुटतो. ‘आमच्या जीपची फोर व्हील वडिलांच्या काळापासून बंद आहे’ असं सांगणारे मालक पुष्कळ भेटतात. ट्रान्सफर केसमध्ये बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. मागे कोणता ॲक्सल आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

गाडी न उचलताही याचा अंदाज घेता येतो. मायलोमीटरची तार ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणून मागची पट बदलली की आकडाही बदलतो. हायवेवर कि.मी.चे दगड बघत १६ कि.मी. जा, म्हणजे जवळजवळ १० मैल. मीटरने ११ मैल दाखवले आणि टायर मूळच्या मापाचे, ६.००-१६चे असले, तर मागे ५.३८ असण्याचा दाट संभव आहे.

आता ॲक्सल मिळवायचा. जुन्या बाजारात, भंगारात, बंद पडलेल्या एखाद्या कारखान्याच्या आवारात फुल फ्लोटिंग ॲक्सल अजूनही सापडतात. विकणारा माणूस ठरलेलं वाक्य बोलतो, ‘मालक, मिलिटरीचाच आहे, हा बघा एफ.’ फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं, हे खरं आहे. पण एका बोल्टावरचा एफ त्या बोल्टापुरताच बोलतो. ऐंशी वर्षांत बोल्ट किती गाड्या फिरला असेल, कोण सांगणार?

सहा बोल्टांचं कडंही इथे पुरेसं नाही. युद्ध संपल्यावर विलीसने मुलकी ‘सीजे-२ए’ काढली, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांना हाच फुल फ्लोटिंग ॲक्सल बसवला. बाहेरून तीच नळी, तेच हब, आत मात्र ५.३८. आपण लष्करी समजून घरी आणायचा, रंगवून बसवायचा आणि मग फोर व्हीलचा दांडा पुन्हा अडकायचा. दोन्हींत डिफरन्शियलचा गोळा उजव्या अंगाला सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसचा प्रोपेलर उजवीकडूनच निघतो. त्यामुळे डावा शाफ्ट लांब, उजवा आखूड. महिंद्रचा ॲक्सलही तसाच. म्हणून या खुणेने जीपचा ॲक्सल दुसऱ्या गाडीच्या ॲक्सलपासून वेगळा काढता येतो, जीपजीपमधला फरक मात्र कळत नाही.

तो कळतो मोजून. ॲक्सल दोन ठोकळ्यांवर ठेवायचा. एका बाजूचं हब दोरीने किंवा माणसाने घट्ट धरून ठेवायचं. मोकळ्या हबवर खडूने एक रेघ, समोर नळीवर एक रेघ. पिनियनच्या फ्लँजवर आणि तिच्याजवळ हाऊसिंगवर तशाच दोन रेघा. आता मोकळं हब सोळा वेळा फिरवायचं. एक बाजू धरलेली असल्यामुळे हबच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एक फेरी होते, म्हणजे सोळाला आठ. पिनियनचे दात आठच असल्यामुळे तेवढ्यात फ्लँजच्या फेऱ्या क्राऊनच्या दातांइतक्या होतात, ३९ किंवा ४३. अंदाज करायची गरज राहत नाही. आणि सोळाव्या फेरीला हबची रेघ आणि फ्लँजची रेघ दोन्ही एकदम आपापल्या जागी परत येतात. हबची आली आणि फ्लँजची पुढे-मागे राहिली, तर पिनियन आठ दातांचं नाहीच आणि आत कुणीतरी तिसरंच काही घातलेलं आहे. भंगाराच्या दुकानात आसपास कितीही गलका असू दे, मी मोठ्याने मोजतो आणि बरोबरच्या पोरालाही मनात मोजायला सांगतो. दोघांचा आकडा जुळला तरच पैशाची गोष्ट.

मग झाकण उघडून बघायचं. विकणाऱ्याची तयारी नसेल तर सोडून द्यावं. आतला क्राऊन काय सांगतो ते नीट बघण्यासारखं असतं. उघड्यावर पडलेल्या ॲक्सलमध्ये वरच्या श्वासनळीतून किंवा सडलेल्या सीलमधून पावसाचं पाणी शिरतं आणि तळाशी साचून राहतं. त्या पाण्याची पातळी क्राऊनवर कोरली जाते. तेवढ्या भागातल्या दातांवर बारीक खड्डे, वरचे दात मात्र अजून तेलकट आणि काळे. हाताने फिरवताना काही कळत नाही, पण बसवल्यावर ठरावीक अंतराने ‘घर्र’ असा आवाज येत राहतो आणि ते दात कितीही तेल घातलं तरी भरून येत नाहीत. वरवरचा गंज असेल तर पुसला जातो. नखाला खड्डा लागला, की ती जोडी गेली. पिनियनच्या दातांवर पापुद्रा उडाल्यासारखे डाग असले तरी तेच.

नळीची टोकंही बघायची. बेअरिंग बसतं त्या जागी निळसर झाक असेल तर तिथे कधीतरी बेअरिंग जाम होऊन लोखंड तापलेलं आहे. नळी आणि मधल्या ओतीव गोळ्याच्या सांध्यावर नंतर केलेल्या वेल्डिंगचे गोळे दिसले, तर नळी एकदा सुटलेली आहे आणि सरळ बसलीच असेल याची खात्री नाही. दोन्ही हबना सरळ पट्ट्या बांधून पुढचं आणि मागचं अंतर मोजलं की वाक उघडा पडतो. झिजलेली बेअरिंगची जागा दुरुस्त होते. आमच्या शिवाजी उद्यमनगरात ती बाही बसवून हजारांश इंचाच्या मापात घासून देणारे कारागीर आहेत, त्यांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. वाकलेली नळी मात्र मी घेत नाही.

क्राऊन-पिनियन ही जोडी कारखान्यात एकत्र घासलेली असते आणि दोघांवर एकच जोडक्रमांक उठवलेला असतो. दातांची संख्याही बहुधा तिथेच सापडते. एका ॲक्सलचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीही एकत्र बसवू नये, दोन्ही कितीही चांगले असले तरी. पिनियनच्या डोक्यावर आणखी एक छोटा आकडा असतो, अधिक किंवा उणे चिन्हासह. अधिक तीन याचा अर्थ हे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून ठरल्यापेक्षा इंचाचे तीन हजारांश लांब चांगलं चालतं, तेव्हा त्याच्या मागची शिम, म्हणजे पातळ चकती, तेवढी कमी करायची. उणे असेल तर वाढवायची. इतकं स्वच्छ लिहून ठेवलेलं असताना जुन्या शिमा डोळे मिटून परत घालणारे लोक मला समजत नाहीत.

सगळं जुळलं की नाही, हे शेवटी शेंदूर सांगतो. बाजारात निळं मार्किंग मिळतं, पण आमच्या वस्तादांनी तेलात कालवलेला शेंदूर वापरला आणि मीही तोच वापरतो. काळ्या दातांवर तो निळ्यापेक्षा उठून दिसतो. क्राऊनच्या चार-पाच दातांना ब्रशने पातळ थर द्यायचा. दुसऱ्या माणसाने क्राऊनला लाकडाची फळी दाबून किंचित अडवून धरायचं, म्हणजे दातांवर खरा भार येतो. मग पिनियन पुढे आणि मागे फिरवायचं. जिथे दात दातावर टेकतो तिथला शेंदूर दाबला जाऊन उजळ ठसा उरतो, लांबट अंड्याच्या आकाराचा. तो दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा. वर शेंड्याकडे सरकला असेल तर पिनियन बाहेर राहिलंय, खाली मुळाशी गेला असेल तर आत घुसलंय. शिम बदला, पुन्हा आवळा, पुन्हा शेंदूर लावा. त्याचबरोबर दोन दातांमधला मोकळेपणा, बॅकलॅश, डायल लावून मोजायचा. पाच ते दहा हजारांशांत असावा आणि क्राऊनच्या सगळ्या बाजूंना जवळपास सारखा असावा. एका बाजूला सहा आणि समोर बारा आला, तर क्राऊन वेडावाकडा बसलाय किंवा त्याच्या बैठकीखाली कचरा अडकलाय.

हे काम संथ आहे. एका हजारांशाची शिम घालायला सगळं पुन्हा खोलावं लागतं. पण गाडीच्या बाकी कुठल्याही भागात लोखंड इतकं स्पष्ट उत्तर देत नाही, आणि ठसा मधोमध येतो तेव्हाचा आनंद मी कुणाला शब्दांत सांगू शकलेलो नाही.

त्यामानाने गाडीला ॲक्सल बसवणं सोपं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, तेवढं लक्षात ठेवावं. रोजच्या सवयीने जोर लावला की स्टड मोडतो. पाट्यांच्या मधल्या बोल्टाचं डोकं बैठकीच्या भोकात बसलंय हे बघून यू-बोल्ट हलके लावायचे आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर पक्के आवळायचे. महिंद्रच्या ॲक्सलचं पिनियन आणि याचं पिनियन नेमकं एका जागी येईलच असं नाही, म्हणून प्रोपेलर नव्याने मोजावा. हबचं आतलं नट चाक जड होईपर्यंत आवळायचं, मग षष्ठांश फेरा सैल करायचं आणि लॉक वॉशरची कड वळवायची. त्याला सव्वादोन इंचाला जरा कमी, २ १/८ इंचाचा बॉक्स पाना लागतो. तो नाही म्हणून छिन्नी-हातोड्याने फिरवलेली नटं मी इतकी बघितली आहेत, की नवा मालक आला की आधी हा पाना करून घ्या म्हणून सांगतो. ब्रेकचे पाइप नवे. तेल हायपॉइड गिअरचं, ९० नंबरचं, सव्वा लिटरच्या आसपास.

फोर व्हीलची परीक्षा डांबरावर घ्यायची नाही. नांगरलेल्या रानात किंवा नदीकाठच्या वाळूत घ्यायची. दांडा ओढून पन्नास-शंभर फूट जाऊन सरळ थांबायचं आणि दांडा परत ढकलायचा. तो दोन बोटांनी सुटला पाहिजे.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत असं म्हटलंय. ॲक्सलचा शब्द नाही. त्यामुळे पुष्कळजण विचारतात, मग एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर गाडी बघून बदलतं. पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल महिंद्रचे, दोन्ही ५.३८ आणि शाफ्टची नटं नीट आवळलेली असतील, तर मी हात लावू नका म्हणतो. ती जोडी एकमेकांशी प्रामाणिक आहे आणि ती त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ असेल, तर मात्र बदला. ती जीप अर्धीच चालते आहे, आणि तिला उरलेलं अर्धं परत देता येतं.

काढलेला महिंद्रचा ॲक्सल भंगारात वजनावर घालू नका, ही माझी विनंती आहे. दोन्ही टोकांना तेलाचं फडकं बांधा, श्वासनळी बंद करा आणि नळीवर रंगाने ८-४३ लिहून आडोशाला ठेवा. डोंगराकडच्या गावांत ‘सीजे-३बी’ अजून चारा आणि दुधाचे कॅन ओढतात. अशा एखाद्या गाडीवाल्याचा शाफ्ट मोडला की तो आमच्याकडे येतो, आणि आकडा लिहिलेला असला की त्याला थांबावं लागत नाही.